सगळ्यात कडक स्प्रिंग

"त्यात काय एवढं? चार स्प्रिंगा तर बदलायच्या आहेत! आठवड्याभरात गाडी अशी पक्की करून दाखवतो की तू स्वतःहून म्हणशील, हिलाच ठेवा!" डॉक्टर छाती पुढे काढून म्हणाले.

मंडळी, मोठमोठे घोटाळे 'त्यात काय एवढं' इथूनच सुरू होतात. पण हे डॉक्टरांना सांगणार कोण? डॉक्टर दातांचे. माणूस हुशार, हात हलका, स्वभाव गोड. पण आयुष्य दवाखान्यात काढून त्यांना एक खोड जडली होती. पेशंटच्या तोंडात कापूस, आरसा आणि स्वतःची दोन बोटं घालायची आणि मग मनसोक्त गप्पा मारायच्या. हवापाणी, निवडणुका, मुलांची लग्नं, काय वाट्टेल ते! पेशंट बिचारा "आं... ऊं..." करणार आणि डॉक्टर त्याचा अर्थ "अगदी बरोबर बोललात!" असा लावून पुढे सरकणार. इतक्या वर्षांत खुर्चीतल्या एकानेही त्यांना विरोध केला नव्हता. त्यामुळे आपलं कधी चुकत नाही, अशी त्यांची अगदी मनापासून समजूत झाली होती.

घरी मात्र कापूस न लावता बोलणारी बायको होती.

वाद गाडीचा होता. डॉक्टरांकडे एक जुनी, दोघांपुरती, कापडी टप मागे सरकवता येणारी हिरवीगार स्पोर्ट्स कार होती. तिच्यावर त्यांचा जीव होता. दोन दाढांच्या मधल्या वेळात ते खिडकीत येऊन खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघून जात आणि मगच पुढच्या पेशंटला आत बोलावत. डॉक्टरीणबाईंची रोपवाटिका होती. त्यांना चार दारांची, मागे कुंड्या मावतील अशी गाडी हवी होती.

"तुमच्या डिकीत एक निवडुंग धड मावत नाही," त्या म्हणाल्या. "आणि वळणावर ही अशी कलते की पोटात ढवळून येतं. विका म्हटलं तर तुम्ही तोंड पाडून बसता. आता एकच करू. शनिवारी वकीलमंडळाच्या सभागृहात बाबांचा सत्कार आहे. त्यांना याच गाडीतून घेऊन या. बाबा म्हणाले ठेवा, तर ठेवा. बाबा म्हणाले विका, तर दुसऱ्या दिवशी विकायची. कबूल?"

बाबा म्हणजे डॉक्टरांचे सासरे, निवृत्त न्यायाधीश. घरात नातवंडांचं बिस्किटावरून भांडण झालं तरी ते दोन्ही बाजू ऐकून घेत, थोडं थांबत आणि मगच निकाल देत. त्यावर अपील नसे.

"कबूल!" डॉक्टर म्हणाले आणि तडक गॅरेज गाठलं.

गॅरेजमध्ये त्यांनी गाडीच्या एका कोपऱ्यावर हाताने दाब दिला. गाडी खाली गेली, वर आली आणि पुन्हा थोडी खाली गेली. डॉक्टरांच्या काळजात चर्र झालं. हलणारा दात त्यांनी हजारदा पाहिला होता, पण आपलीच गाडी इतकी मुळासकट हलत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं!

नेमकी त्याच आठवड्यात गॅरेजवाल्याची दाढ ठणकायला लागली. तो खुर्चीत येऊन बसला तेव्हा डॉक्टरांनी दाढेआधी स्प्रिंगांचा विषय काढला.

"साहेब, तीन प्रकारच्या येतात," गॅरेजवाला गाल धरून म्हणाला. "नरम स्प्रिंग एका माणसाने जोर दिला की बोटभर दबते. मधलीला दोघं लागतात. आणि कडकवर अख्खं खानदान चढलं तरी ती ढिम्म हलत नाही. नरम घातली तर गाडी वळणावर कलते, कडक घातली तर खड्ड्यात उडते. म्हणून आधी रस्ता कसा आहे, गाडीत बसणार कोण, ते बघायचं आणि मग..."

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

गॅरेजवाल्याने आ केला आणि तांत्रिक चर्चा तिथेच आटोपली.

"आमच्या धंद्यात एक नियम आहे," कापूस कोंबत डॉक्टर म्हणाले. "हलतं ते दुखतं! दात असो की गाडी. म्हणजे आपण खानदानवाली घ्यायची. बरोबर ना?"

"आंऽऽ! आंऽऽ!" गॅरेजवाला जिवाच्या आकांताने ओरडला.

"बघा, तुम्हालाही पटलं! चारही चाकांना तीच टाकू?"

"ऊं ऊं ऊं ऊं!"

"वा! जाणकार माणसाशी बोललं की कसं झटपट ठरतं!"

जिभेची बधिरता उतरल्यावर गॅरेजवाल्याने पुन्हा प्रयत्न केला. "साहेब, ती स्प्रिंग शर्यतीच्या ट्रॅकसाठी असते. तिथला रस्ता आरशासारखा असतो."

"अहो, खुर्चीत तर तुम्ही चार वेळा हो म्हणालात!"

गॅरेजवाल्याने क्षणभर विचार केला. दाढेचं काम अर्धंच झालं होतं आणि उरलेलं अर्धं याच माणसाच्या हातात होतं. त्याने मुकाट्याने खानदानवाल्या स्प्रिंगा बसवल्या.

डॉक्टरांनी गाडी दाबून पाहिली. ढिम्म! बॉनेटवर बसून पाहिलं. ढिम्म! मग इकडेतिकडे बघून हळूच एक उडी मारली, तर गाडी जागच्या जागी आणि डॉक्टर कमरेला हात लावून उभे! "याला म्हणतात मुळं घट्ट असणं!" ते स्वतःशीच म्हणाले. गॅरेजपासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर नुकतंच नवं डांबर पडलं होतं. त्यावरून गाडी अशी सरळ, अशी ताठ गेली की डॉक्टरांनी मनातल्या मनात खटला जिंकून टाकला.

शनिवारी सासरे करड्या सुटात तयार होते. भाषण डोक्यात, आणि तोंडात डॉक्टरांनीच महिन्यापूर्वी बसवलेली नवी कोरी कवळी. गाडीचा टप घडी घालून मागे सरकवलेला. गाडी जमिनीला टेकलेली, त्यामुळे आत शिरणं हाच एक कार्यक्रम झाला. आधी एक पाय, मग जरा विश्रांती, मग दुसरा पाय.

"बाबा, फक्त निर्धास्त बसा," डॉक्टर म्हणाले.

"बसलो," सासरे म्हणाले. पुढच्या सगळ्या प्रवासात तो त्यांचा शेवटचाच शब्द ठरला.

कोपऱ्यावर नवं डांबर संपलं आणि पहिला खड्डा आला. धडाड्! सासरे सीटवरून उठले, हवेत थोडा वेळ थांबले आणि परत आले. वरची कवळी मात्र त्यांच्याबरोबर परत आली नाही. ती टाळू सोडून जिभेवर येऊन पडली. आता तोंड उघडलं तर दात रस्त्यावर, आणि पुढे भरसभेत भाषण! सासऱ्यांनी ओठ गच्च मिटले आणि डोळे विस्फारले.

"कशी आहे पकड, बाबा? आवडली ना?"

गाडी दणकत होती, त्यामुळे सासऱ्यांची मान वरखाली, वरखाली होत होती. डॉक्टरांनी तिरक्या नजरेने पाहिलं. मिटलेले ओठ आणि जोरजोरात हलणारी मान! असला होकार तर त्यांना खुर्चीतही कधी मिळाला नव्हता.

"थोडी जोरात घेऊ?"

मान वरखाली, वरखाली.

"जुन्या बाजारातून जाऊ या का? दगडी रस्ता आहे, मजा येईल!"

मान इतक्या वेगाने हलली की चष्मा नाकाच्या टोकावर आला. सासऱ्यांनी 'थांबा, थांबा' म्हणून हात वर केला. पलीकडच्या फूटपाथवरून दोन अनोळखी माणसांनी हसून हात हलवला.

"बघा बाबा, लोकांनाही आवडते!" म्हणत डॉक्टरांनीही हात हलवला.

दगडी रस्ता सुरू झाला आणि मग काय विचारता! गाडी रस्त्यावरून चालत नव्हती, रस्त्याला अधूनमधून भेटून येत होती. डॉक्टरांचा हात उडून हॉर्न आपोआप वाजत होता. गुडघा कशाला तरी लागून वायपर सुरू झाले होते. ऊन रखरखीत, आणि वायपर फटाफट! डॉक्टरांचेही दात आता एकमेकांवर आपटत होते, पण वळणावर गाडी कणभरही कलत नाही, या आनंदात त्यांना त्याचं काही वाटलं नाही. शाळेसमोरच्या गतिरोधकावर तर दोघंही सीट सोडून उठले, आणि सासऱ्यांच्या तोंडून मोठ्याने "हॅ!" असा आवाज निघाला.

"वा! अशी दाद पाहिजे!" डॉक्टर म्हणाले.

सभागृहाच्या पायऱ्यांवर वकीलमंडळाचे अध्यक्ष फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते. डॉक्टरीणबाई सजावटीच्या कुंड्या घेऊन टॅक्सीने आधीच येऊन पोचल्या होत्या. दोघा वकिलांनी काखेत हात घालून सासऱ्यांना बाहेर काढलं.

"प्रवास सुखाचा झाला ना?" अध्यक्षांनी विचारलं.

गाडी थांबली होती, पण सासऱ्यांची मान अजून थांबली नव्हती. वरखाली, वरखाली.

"पाहिलंस?" डॉक्टर बायकोकडे वळून म्हणाले. "वाटेत तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा हो! गाडी राहणार!"

"बाबा, खरंच?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी तोंड उघडलं. "फफ... फो... फफफा..."

डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "अहो! बाबांची कवळी कुठे गेली?"

डॉक्टरांच्या पायाखालची जमीन सरकली. गाडीचं जाऊ दे, पण स्वतःच्या हाताने बसवलेली कवळी, तीही सासऱ्यांची, तीही सत्काराच्या दिवशी! त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याचं "आं ऊं" समजलं आणि कानशिलं तापली. ते सीटखाली शिरले. पायपुसणं उचललं. डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत त्यांना दोन नाणी, एक वाळलेली गोळी आणि कुणाची तरी हरवलेली केसांची पिन सापडली. कवळी नाही! तोवर आत भाषणाच्या नावाने टाळ्या सुरू झाल्या.

"गतिरोधकावर पडली असणार!" म्हणत डॉक्टर कोटासकट शाळेच्या दिशेने धावत सुटले.

"अहो, थांबा! बाबा मागे बोट दाखवताहेत!"

"मागेच तर चाललोय!"

"गाडीच्या मागे! त्या कापडाकडे!"

डॉक्टरीणबाईंनीच पुढे होऊन घडी घातलेला टप ओढला. घड्या उलगडल्या आणि त्यातून कवळी टुणकन उडून थेट अध्यक्षांच्या बुटावर बसली. अध्यक्ष आयुष्यभर फौजदारी खटले लढलेले गृहस्थ, तरी दोन पायऱ्या मागे सरले.

डॉक्टरांनी कवळी पाण्याने धुतली, पायऱ्यांवरच सासऱ्यांना बसवलं आणि बोटं घालून ती नीट दाबायला लागले. हाताला तोंड लागलं की जिभेला चालना मिळायची, ही जुनी सवय. "तसं बघितलं तर गाडीत खोट काही नाही, नाही का बाबा?"

"आंऽऽ!" सासरे म्हणाले.

"अहो, आधी बोटं काढा!" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

सासरे मंचावर गेले, पाणी प्यायले, सभेकडे पाहिलं. डॉक्टर शेवटच्या रांगेत अंग चोरून बसले होते.

"मी निवृत्त झालोय," सासरे सावकाश म्हणाले, "पण आज इथे येताना माझ्यासमोर एक खटला चालला. आरोपी एक हिरवी गाडी. वाटेत मला तीन प्रश्न विचारले गेले आणि तिन्ही वेळा माझी मान हलली. तो कबुलीजबाब जबरदस्तीने घेतलेला असल्यामुळे मी ग्राह्य धरत नाही."

वकिलांनी बाकं बडवली. डॉक्टर आणखी खाली सरकले.

"मात्र गाडी निर्दोष आहे. इंजिन ठणठणीत, वळणावरची पकड अव्वल. दोष स्प्रिंग निवडणाऱ्याचा. त्यांनी वळणांचा विचार केला. रस्त्याला खड्डे असतात आणि गाडीत माणसं बसतात, याचा केला नाही. म्हणून गाडी विकू नये, असा माझा निर्णय आहे."

डॉक्टर टाळ्या वाजवत उभेच राहिले! त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांच्या टाळ्या हळूहळू मंदावल्या.

"बसा, जावईबापू. निकाल संपलेला नाही. स्प्रिंगा काढून मधल्या प्रकारच्या बसवाव्यात. आणि काम समाधानकारक झाल्याची खात्री होईपर्यंत गाडी मुद्देमाल म्हणून माझ्या ताब्यात राहील."

दोन दिवसांत मधल्या स्प्रिंगा बसल्या. गॅरेजवाल्याच्या दाढेचं काम एव्हाना पुरं झालं होतं, त्यामुळे तो तासभर बोलला आणि डॉक्टरांनी ते ऐकूनही घेतलं. आता गाडी खड्ड्यांवरून लोण्यासारखी जाते आणि वळणावर नीट बसते, असं म्हणतात. म्हणतात असंच म्हणायचं, कारण डॉक्टरांनी ती अजून चालवलेली नाही! ती सासऱ्यांच्या दारात उभी असते. परवा डॉक्टरीणबाई तिच्यातून मांडीवर रोप घेऊन फिरून आल्या आणि म्हणाल्या, "एवढी काही वाईट नाही हो गाडी." डॉक्टरांना दवाखान्यात जायला काहीतरी हवंच होतं, म्हणून घरात चार दारांची गाडीही आली आहे. तिच्यात मागे कुंड्या आणि पुढे डॉक्टर असतात.

मधूनमधून ते सासऱ्यांकडे जाऊन गाडीचा विषय काढतात. सासरे चष्मा लावतात, कॅलेंडरची पानं उलटतात आणि म्हणतात, "खात्री अजून व्हायची आहे. पुढची तारीख घ्या." यावेळी तारीख रविवारची मिळाली आहे, म्हणून डॉक्टर खुशीत आहेत. रविवारी सासरे सकाळीच गाडी घेऊन बाहेर पडतात आणि अंधार पडल्याशिवाय परत येत नाहीत, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.