डबा घासणारी

त्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ने सुग्रीवचा डबा पोखर्णीला परत आला, तो घासलेला होता. सारजाबाईंनी झाकण काढलं, आत पाहिलं, वास घेतला आणि त्या चुलीपुढे मटकन बसल्या.

सुग्रीव परभणीला कॉलेजात होता, खोली करून राहायचा. सकाळच्या गाडीने त्याचा डबा जायचा, संध्याकाळच्या गाडीने खरकटा परत यायचा. मायलेकांचा सगळा पत्रव्यवहार तो हाच. सारजाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण डबा त्यांना पोथीसारखा लागायचा. लोणचं तसंच आलं की पोराचा घसा धरलाय. भाकरीचा चतकोर उरला की परीक्षा जवळ आलीय. वरणाचा थेंबही नाही, म्हणजे दोस्त जेवायला होते. घासलेल्या डब्याचा अर्थ लावायची वेळ मात्र आजवर आली नव्हती.

"आवो, ह्ये बगा."

माणिकराव तंबाखू मळत होते. "बगितलं. डबा हाय."

"घासलाय."

"मग घासला आसंल त्यानं."

"त्यानं? हातात तांब्या दिल्याबगर पानी पेत न्हाई त्यो. तुमचाच हाय."

इतक्यात भावकीतल्या जाऊबाई चतुराबाई विस्तव न्यायला आल्या. विस्तव राहिला बाजूला. त्यांनी डब्याच्या कडेवरून नख फिरवलं. "आक्का, राखंनं घासलाय. गडीमानूस मधी हात फिरवतो अन् पानी वततो. हितं कानाकोपरा सोडला न्हाई. बाईचा हात हाय." मग डबा उजेडात धरून त्या म्हणाल्या, "अन् म्हातारीचा बी न्हाई. बोटांत जोर हाय."

अशा रीतीने परभणीत सुग्रीवचा डबा घासणारी एक पोरगी अस्तित्वात आली, आणि तिच्या बोटांत जोर होता.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण येत्या रविवारी राणीसावरगावचे किशनराव सुपारी फोडायला यायचे होते. त्यांची लेक सत्यशीला पाहून झाली होती, पसंतही पडली होती. सुपारी फुटली की शब्द गेला. मागाहून परभणीचं प्रकरण बाहेर आलं, तर एका गरीब पोरीच्या नावाला बट्टा आणि दोन गावांत तोंड दाखवायला जागा नाही.

"फोन करून इचारा की त्याला," चतुराबाई म्हणाल्या.

गावात फोन होता, ग्रामपंचायतीत. त्याच्या चकतीला कुलूप होतं, कुलपाची किल्ली ग्रामसेवकाकडे होती आणि ग्रामसेवक परभणीत राहायचा. म्हणजे परभणीला फोन करायचा, तर आधी परभणीला जाणं भाग होतं. शिवाय सुग्रीवच्या खोलीत फोन होता असंही नाही.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईंनी परीक्षा म्हणून डब्यात जास्तीचे धपाटे घातले. संध्याकाळी डबा आला तो घासलेला, आणि आत मूठभर भाजके शेंगदाणे अन् गुळाचा खडा. सारजाबाईंचे डोळे भरून आले.

"रिकामं भांडं परत धाडलं न्हाई! कोन्या माउलीनं वळण लावलंय कुनास ठाऊक."

"आता शक न्हाई," चतुराबाई म्हणाल्या.

"काल तर तू तिला सटवी म्हनत व्हतीस," माणिकराव सारजाबाईंना म्हणाले.

"काल शेंगदाने नव्हते."

मग माणिकराव स्वतःच परभणीला जायला निघाले, तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. गाडी नाही, म्हणून डबाही नाही. तो रिकामा दिवस घातक ठरला. विचार करायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा सारजाबाईंनी सांजेपर्यंत त्या पोरीची उंची, रंग आणि स्वयंपाकातला हात ठरवून टाकला. बंद उठताच डब्यात पुरणाच्या पोळ्या गेल्या, आणि वरच्या कप्प्यात घडी घातलेला एक नवा खण.

"ठिवून घेतला तर आपली. परत धाडला तर सुटलो," त्या म्हणाल्या.

डबा आला. खण नव्हता. एक पिवळंधमक लिंबू होतं.

"वटी पोचली," सारजाबाई म्हणाल्या, आणि तुळशीपुढे दिवा लावून आल्या.

"आगं पन तिचं नाव ठाऊक न्हाई, गाव ठाऊक न्हाई! मानसं कशी हायेत—"

"डब्यावरून कळंना का तुमाला? राणीसावरगावला आधी निरोप धाडा. त्यांच्या पोरीला फसवायचं न्हाई."

शनिवारी माणिकरावांनी नाइलाजाने गंगाखेडकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला: राणीसावरगावच्या किशनरावांना सांगा, येऊ नका. कंडक्टर इमानी माणूस. गंगाखेडच्या स्टँडवर त्याने तो राणीसावरगावच्या गाडीच्या कंडक्टरला पोचवला. फक्त ती गाडी तेव्हा चालू झाली होती, आणि एस.टी.च्या घरघरीत 'येऊ नका' आणि 'येऊन जा' यांत फारसा फरक राहत नाही.

रविवारी पहिल्याच गाडीने किशनराव उतरले. सोबत त्यांच्या म्हाताऱ्या आई, तानुबाई.

"येवढ्या आगत्यानं 'येऊन जा' म्हनून सांगावा धाडला, मनलं मायला बी घिऊन जावं!"

माणिकरावांनी घाईघाईने ओसरीवर घोंगडी अंथरली. पाहुणे ओसरीवर टेकतात न टेकतात तोच परभणीकडून मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन सुग्रीव आला. सारजाबाईंनी त्याला दंडाला धरून आत ओढलं. मधली भिंत कुडाची होती, आणि सारजाबाईंचा आवाज कुडाने अडणारा नव्हता.

"कुठाय ती?"

"कोन, माय?"

"डबा घासनारी!"

"घासनारी कशाला? मीच घासतो."

"तू?"

"मुंग्या व्हायल्यात. घरमालकीन मनली, खरकटा डबा खोलीत दिसला तर खोली खाली कर. राख बी तीच देती."

"अन् शेंगदाने? लिंबू?"

"तूच मनतीस ना, रिकामं भांडं देऊ ने?"

इतके दिवस ज्या माउलीला सारजाबाई दुवा देत होत्या, ती सापडली होती. तिचं काय करावं हे मात्र सुचेना.

"आन् खण रं?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यो व्हय? लय भारी फडकं! पानी कसं वढून घेतंय. आनखी येक धाड."

मग ओसरीवरचे पाहुणे आठवले. सारजाबाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं. किशनरावांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. भांडी घासणारा जावई! खोट्या पोरीपायी खरी पोरगीही हातची जात होती, तीही लेकाच्या चांगल्या वळणामुळे.

"माणिकराव, आमी आसं करताव..." किशनराव उठू लागले.

"किसन, खाली बस," तानुबाई म्हणाल्या.

"माय, आईकलंस न्हवं? पोरगं भांडे—"

"आईकलं. कान शाबूत हायेत मपले." म्हातारीने आत तोंड करून हाक मारली, "पोरा, तवा बी घासतूस का रं?"

"करपला न्हाई तर घासतो, आजी."

तानुबाईंनी सून, लेक, कुलदैवत कुणालाच विचारलं नाही. "फोडा सुपारी," त्या म्हणाल्या.

सुपारी फुटली. पंगत बसली. जेवणं झाली तरी किशनराव ताटापुढून हलेनात; पुरुषाने हात धुवायचा, ताट आपोआप नाहीसं व्हायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

"आता रं?" तानुबाई म्हणाल्या. "जावयानं घासायचे, अन् सासऱ्यानं डेकर द्यायचे?"

किशनराव ताट घेऊन उभे राहिले. लाजेकाजेस्तव माणिकरावांनाही आपलं उचलावं लागलं.

"पाव्हणं," किशनराव हळूच म्हणाले, "भांडे कुठं घासता तुमी?"

माणिकरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जन्म त्यांचा याच घरातला. आतल्या दारात सारजाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. शेवटी माणिकरावांनी मोठ्या विश्वासाने हात केला, आणि परसातल्या मोरीकडे पाठ करून दोघे व्याही ताटं सांभाळत गोठ्याकडे निघाले.