अकरावी कुंडी

रविवारी मुलगी गाडी घेऊन येणार होती आणि गॅलरीतल्या अकराच्या अकरा कुंड्या घेऊन जाणार होती. फोनवर तिने तसं सांगूनच टाकलं होतं.

"बाबा, आईची झाडं तुमच्याने सांभाळून होणार नाहीत. तुम्ही तुमचा चष्मा सांभाळा, तेवढं पुरे."

रेकॉर्डकीपरना हे फार लागलं. चौतीस वर्षं त्यांनी कचेरीच्या तळघरात काढली होती आणि एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. आता निवृत्त होऊन घरी बसले, तर पोटच्या पोरीने त्यांच्यावर अविश्वास दाखवावा! बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि सुरुवातीला बहिणीकडे काढलेले पंधरा दिवस सोडले, तर त्यांनी एक दिवस पाण्याचा खाडा केला नव्हता.

वास्तविक त्या झाडांशी त्यांचं जुनं वैर. बायको गॅलरीतला काही ना काही पाला खुडून प्रत्येक पदार्थात घालायची आणि हे एकेक पान चमच्याने वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवायचे. वर विचारायचे, "आज कुठला चारा?" तीस वर्षं रोज विचारलं. आता कोणी पान घालत नव्हतं, ताटाची कडा स्वच्छ राहायची आणि जेवण घशाखाली उतरत नव्हतं.

प्रत्येक कुंडीत तिने एक लाकडी काडी खोचली होती. डॉक्टर जीभ दाबायला वापरतात तसली. वरच्या मजल्यावरचे म्हातारे कंपाउंडर तिला त्या पुरवायचे. काडीवर तिच्या तिरक्या अक्षरात झाडाचं नाव. शनिवारी सकाळी रेकॉर्डकीपरनी ठरवलं, की मुलगी यायच्या आत काड्या लख्ख करायच्या. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या फायली झटकायची त्यांची पद्धतच होती. काड्या उपसून त्यांनी त्या साबणाच्या पाण्यात भिजत घातल्या आणि दाढी करायला गेले.

परत आले तेव्हा बादलीत अकरा कोऱ्या काड्या तरंगत होत्या.

ते बादलीजवळ स्टुलावर बसले. कुठल्या कुंडीत काय आहे ते आता कळणार नव्हतं, ते वेगळंच. पण तिचं अक्षर घरात दुसरं कुठे होतं? वाण्याची यादीसुद्धा ती तोंडी सांगायची. निळसर झालेलं ते पाणी मोरीत ओतायला त्यांचा हात धजेना, म्हणून त्यांनी बादली तशीच झाकून ठेवली.

पण तपासणी टळत नव्हती. त्यांनी कंपाउंडरना बोलावलं आणि तळमजल्यावर खाणावळ चालवणाऱ्या काकूंनाही.

"अहो, हा पुदिना," काकू पहिलं पान चावून म्हणाल्या. "हा पण पुदिना. आणि... अगंबाई, हासुद्धा पुदिनाच की! वहिनी तर अकरा जाती म्हणायच्या."

"तिन्ही वेगळे आहेत," कंपाउंडर म्हणाले. त्यांना पडसं झालं होतं, वास शून्य येत होता. पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "एक पोटाला, एक घशाला आणि एक नुसता शोभेला."

"शोभेचा पुदिना जन्मात ऐकला नाही!"

"तुम्ही खाणावळवाल्या. तुम्ही औषध कधी ऐकणार?"

दोघांनी हट्टाला पेटून दहा कुंड्यांतली मूठ मूठ पानं खुडली, चावली आणि थुंकली. दुपारपर्यंत झाडांची भादरल्यासारखी अवस्था झाली. शेवटी मतदान घेऊन रेकॉर्डकीपरनी दहा काड्यांवर ठसठशीत कचेरी अक्षरात नावं लिहिली. अकराव्या कुंडीत मात्र करड्या, लवदार पानांचं काहीतरी होतं, ते कोणालाच ओळखता येईना. कंपाउंडरनी त्याचं एक पान चघळलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसून राहिले.

"मेलो नाही," त्यांनी निकाल दिला. "म्हणजे विषारी नाही. पण हे तण आहे, साहेब."

निनावी कागद ठेवायचा नाही, हा तळघरातला नियम होता. रविवारी सकाळी रेकॉर्डकीपरनी कात्री घेतली आणि ते तण मातीलगत कापलं. टाकायला निघाले तर जिन्यात काकूंनी ते हातातून काढूनच घेतलं. "टाकता काय? पालाच आहे. आजच्या सुपाच्या पातेल्यात ढकलते."

अकरा वाजता मुलगी आली. गॅलरीत गेली आणि काड्यांवर बाबांच्या अक्षरातली नवी नावं पाहिली. मग एकदम कठड्याला धरून रडायलाच लागली.

"बाबा, तुम्हाला कळलं ना?"

"काय कळलं?" रेकॉर्डकीपर दचकले. कबुलीजबाब त्यांनीच द्यायचा होता.

"आई गेल्यावर तुम्ही पंधरा दिवस आत्याकडे होतात. पाणी घालायचं मी कबूल केलं होतं आणि विसरले. सगळं जळून गेलं. मग नर्सरीवाल्याला म्हटलं, दहा हिरवी झाडं द्या, कुठलीही द्या. आणि आईच्या काड्या अंदाजाने खोचून दिल्या. तुम्हाला कळू नये म्हणूनच कुंड्या न्यायला आले होते."

रेकॉर्डकीपरनी आठ महिने जिवापाड जपलेले तीन पुदिने पाहिले. त्यांना हसू आलं आणि ते पुरतं यायच्या आत रडू आलं.

"मीही तिचं अक्षर धुऊन टाकलं," ते म्हणाले. मग त्यांचा आतला कारकून जागा झाला. "दहा म्हणालीस. कुंड्या तर अकरा आहेत."

"एक तशीच ठेवली होती. आईने रस्त्याच्या कडेवरून रानफुलांचं बी आणून पेरलं होतं ना, ती. नुसती माती होती. त्यात आलं का काही?"

रेकॉर्डकीपर चपला न घालताच जिना उतरले. मुलगी मागोमाग. खाणावळीत मोठ्या पातेल्यात सूप रटरटत होतं आणि दोन गिऱ्हाइकं वाडगे लांब सारून बसली होती.

"साहेब, तुमच्या पाल्याने घात केला," काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "कडू विष झालंय. पातेलं ओतून देते आता."

"थांबा," रेकॉर्डकीपर म्हणाले. "दोन वाडगे द्या."

बापलेक समोरासमोर बसले. मुलीने एक चमचा घेतला आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"आईच्या हातचं असंच लागायचं," ती म्हणाली.

रेकॉर्डकीपरनी वाडगा जवळ ओढला. मान खाली घालून ते खात होते. संपल्यावर त्यांनी वाडगा पुन्हा पुढे केला, आणि तो घेताना काकू चमकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी साहेबांना जेवताना अनेकदा पाहिलं होतं. आज वाडग्याच्या कडेला एकही पान नव्हतं.