पर्पेच्युआला बोलता येत नाही

तर टेकडीवरच्या प्राथमिक शाळेत एक खोली रिकामी होती. पाण्याच्या टाकीमागे, वर्दळीपासून लांब. आणि खाली बाजारात नेकेसा नावाची मुलगी होती, जिला बोलता येत नव्हतं. गोंगाट झाला की ती कानांवर हात दाबून किंचाळायची आणि शांत असलं की वेण्यांचे रंगीत दोरे ओळीनं लावत तासन्‌तास बसायची. आणि केमुंतो बाई होत्या, ज्या अशाच मुलांना शिकवायचं रीतसर शिकून आल्या होत्या. खोली, मुलगी, बाई. आता तुम्हाआम्हाला वाटणार, कुलूप काढलं की झालं. म्हणूनच तर तुम्हाआम्हाला कुणी समितीवर घेत नाही.

नेकेसाची आई नासिमियू, बाजारात झाडाखाली बायकांच्या वेण्या घालते ती, सरळ हेडमास्तरांकडे गेली. हेडमास्तर म्हणाले, खोली उघडायला समिती लागेल. समिती झाली. अध्यक्ष माकोखा गुरुजी. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, पण खुर्चीला अजून ते कळवलेलं नव्हतं.

"नेकेसाची आई, आधी मला एक सांगा," गुरुजी म्हणाले, "ही स्वमग्नता गोऱ्यांच्या मुलांना होते ना?"

"गुरुजी, माझी पोर काळी आहे आणि तिला आहे."

"हं. म्हणजे समाजात अज्ञान फार आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ते सगळं अज्ञान तिनंच घरी साठवून ठेवलंय.

ठराव झाला: आधी समज, मग खोली. समाजाला समज नसताना खोली उघडणं घाईचं ठरेल. सबब सत्र सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी 'समजून घेण्याचा दिवस' साजरा करावा आणि माननीय खासदार साहेबांच्या हस्ते खोलीचं कुलूप काढावं.

"पण गुरुजी, सोमवारी वर्ग सुरू झाला नाही तर माझी बदली लांब कितालेच्या शाळेत आहे," केमुंतो बाई म्हणाल्या. "ऑर्डर येऊन पडलीय."

"शनिवार सोमवारच्या आधीच येतो, बाई," गुरुजी म्हणाले.

मागच्या बाकावरून एका बापानं विचारलं, माझ्या पोराला डाउन सिंड्रोम आहे, त्यालाही त्या खोलीत बसता येईल का? गुरुजी हळहळले. त्या मुलांचा दिवस मार्चमध्येच होऊन गेला होता. त्यांनी पुढच्या वर्षी यावं.

मग मांडव ठरला, खुर्च्या ठरल्या, सोडा ठरला आणि जिल्ह्यातले सगळ्यात मोठे कर्णे ठरले. नासिमियूनं हात वर केला. "गुरुजी, या मुलांना आवाजच सोसत नाही हो."

समितीनं यावर गांभीर्यानं विचार केला. खूप वेळ केला, मध्ये चहासुद्धा झाला. निर्णय असा: ज्या मुलांना आवाज सोसत नाही त्यांना, त्यांच्याच हितासाठी, कार्यक्रमापासून लांब ठेवावं.

आता अडचण अशी की साहेब मिठी कुणाला मारणार? फोटो कुणाबरोबर काढणार? पण आपल्याकडे अशा अडचणी अडून राहतात का? मलेरिया असो, रस्ता असो, निवडणूक असो, शाळेच्या पोरांनी हातवारे करत एका सुरात कविता म्हटल्याशिवाय आपला एक तरी कार्यक्रम झालाय? तर कविता ठरली: 'मला बोलता येत नाही'. मधोमध उभी राहणार गुरुजींची भाची पर्पेच्युआ. वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली. या टेकडीवर बोलली की त्या टेकडीवरची गाय मान वर करते.

पर्पेच्युआ मन लावून काम करणारी. भूमिकेचा अभ्यास करायला ती नासिमियूच्या झाडाखाली येऊन बसली. नेकेसा दोरे लावत होती. पर्पेच्युआ बघत राहिली, मग कंटाळली.

"मावशी, ही काहीच करत नाही. मी हिच्यातून घेऊ काय?"

"बस जरा. तिला माणूस कळायला वेळ लागतो."

बऱ्याच वेळानं नेकेसानं एक लाल दोरा उचलला आणि मान खालीच ठेवून पर्पेच्युआच्या हातात ठेवला. नासिमियूचा कंगवा हातातच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तिची पोर परक्या माणसाला काहीतरी देत होती!

"हे मागच्या खुर्च्यांवरून दिसणार नाही," पर्पेच्युआ म्हणाली आणि दोरा ठेवून तालमीला गेली.

शनिवार उजाडला. साहेब जेवणवेळ टळल्यावर आले. मग ओळखी सुरू झाल्या. साहेबांनी आपल्याबरोबरच्यांची ओळख करून दिली, त्यांनी आपापल्या बरोबरच्यांची, आणि त्यांतल्या प्रत्येकानं, मला फार बोलायचं नाही, असं फार वेळ बोलून घेतलं. नासिमियू टाकीमागे त्या कुलपाशी नेकेसाला घेऊन बसलेली. पोरीच्या डोक्याला लेसोचं फडकं गच्च गुंडाळलेलं, वरून आईचे दोन्ही हात. कुलूप उघडलं की पहिली आत आपली पोर, एवढंच तिच्या मनात.

आणि पर्पेच्युआ सुरू झाली. "मला! बोलता! येत! नाही!" पहिलं कडवं स्वाहिलीत, दुसरं इंग्रजीत, तिसरं आपल्या गावच्या बुकुसूत. तीन भाषांत बोलता येत नव्हतं तिला! मागची पोरं एका सुरात हुंदके देत होती. बायका रडल्या, ध्वनिक्षेपकवाला रडला, साहेबांनी तर उठून तिला कवटाळलं.

"महिन्याभरापूर्वी या लेकराला एक शब्द बोलता येत नव्हता," साहेब माइकवर म्हणाले, "आणि आज बघा! ही या समितीची किमया!"

माकोखा गुरुजी खुलासा करायला उठले. अर्धे उठलेही. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि अर्धवट उठलेल्या माणसाला टाळ्या मिळाल्या की तो वाकून नमस्कार करतो आणि बसतो. गुरुजी बसले.

"म्हणजे इथला प्रश्न सुटला," साहेब म्हणाले. "मग ती खोली अडवून कशाला ठेवायची? ज्यांनी हे करून दाखवलं त्यांना द्या. ही कविता नैरोबीला गेली पाहिजे. तालमीला जागा नको?"

आणि किल्ली पर्पेच्युआच्या हातात.

नासिमियू नेकेसाला कडेवर घेऊन धावत मांडवात शिरली. "साहेब, ती नव्हे! ही! माझी ही!" कर्ण्यातून कर्कश शिट्टी निघाली आणि नेकेसा किंचाळली, हातपाय झाडले, आईच्या खांद्याला कडकडून चावली.

साहेबांनी पर्पेच्युआकडे पाहिलं, मग नेकेसाकडे. "हिला काय झालंय?"

"ही... जरा लाडावलेली आहे, साहेब," गुरुजी म्हणाले. यावेळी ते पूर्ण उठले होते.

साहेब खरंच दयाळू माणूस. त्यांनी नासिमियूच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, मुलीला शिस्त लावा. हिच्याकडे बघा, केवढं सोसलं हिनं!"

सोमवारी त्या खोलीतून तालमीचा असा आवाज निघाला की टाकीतलं पाणी थरथरलं. केमुंतो बाई कितालेला गेल्या. पण जाता जाता नासिमियूला सांगून गेल्या, "तिकडच्या वर्गात एक जागा आहे. बुधवारी दुपारच्या आत पोरीला घेऊन या. मोठ्या बाई तिला बघतील. उशीर केलात तर दुसऱ्या मुलाला देतील, त्यांचंही बरोबर आहे."

बुधवारी पहाटेच मायलेकी कितालेच्या मतातू गाडीत बसल्या. पोरीला आईनं खिडकीशी घेतलं, दोऱ्यांची पुरचुंडी हातात दिली. निम्मी वाट बरी गेली. मग कुणीतरी फोन काढला. पर्पेच्युआचा व्हिडिओ. तोवर तो गावोगाव पोचला होता. शेजारच्यानं मान घातली, मागचे वाकले, शेवटी ड्रायव्हरनं तो गाडीच्या मोठ्या स्पीकरला जोडला. "मला! बोलता! येत! नाही!"

नेकेसा किंचाळायला लागली.

"अगं ए बाई, पोरीला गप्प कर! ऐकू येत नाही काही!"

"दादा, तेवढं बंद करा ना. तिला त्रास होतो हो."

"बंद काय करा? बघ तरी काय लागलंय! मुकं लेकरू आहे बिचारं, काळजाचं पाणी होतंय आमच्या. आणि तुझी ही! वळण म्हणून लावलं नाहीस का काही?"

"उतरव रे हिला!" कुणीतरी मागून म्हणालं. बाकीचे काही म्हणाले नाहीत, म्हणजे ठराव मंजूर झाला.

कंडक्टरनं मायलेकींना उसाच्या शेताकडेला उतरवलं. त्यानंतर आलेली प्रत्येक गाडी पोरीचं किंचाळणं ऐकून पुढे निघून गेली. नासिमियू तिला पाठुंगळी बांधून चालत कितालेला पोचली तेव्हा दुपार कलली होती. केमुंतो बाई फाटकात उभ्या होत्या. "आत्ताच दिली हो जागा, दुसऱ्या मुलाला," त्या म्हणाल्या.

इकडे त्या मतातूत एकाचेही डोळे कोरडे नव्हते म्हणे. तुम्ही मागच्याच बाकावर होतात ना? त्याच दुपारी तर तुम्ही मला तो व्हिडिओ पाठवलात. खाली लिहिलं होतंत, "बघच. अशा लेकरांसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे."