गोधडी गेली प्रयोगाला

"मॅडम, तोंडच लावीना गेलंय बघा," बुद्धभूषण म्हणाला आणि दुधाची बाटली टेबलावर ठेवून मटकन खाली बसला.

कुरुळीतल्या त्या प्रयोगशाळेत माकडांची पिल्लं कशी वाढतात याचा अभ्यास चाले. आईला कधी सोडतात, पहिली उडी कधी मारतात, विश्वास कुणावर टाकतात. डॉ. विजयश्री प्रमुख, बुद्धभूषण त्यांचा सहायक. वनखात्याने आणून दिलेलं हे नवं पिल्लू आईपासून चुकलेलं होतं आणि त्याला बिलगायला काहीतरी मऊ हवं होतं. टॉवेल दिला, त्याने भिरकावला. परदेशातून मागवलेली लोकरीची बाहुली दिली, तिला ते चावलं. बुद्धभूषणने स्वतःचं जर्किन दिलं, ते लगेच धुवायला टाकावं लागलं.

त्या संध्याकाळी संत तुकाराम नगरातल्या घरी विजयश्रींची नजर सासूबाईंच्या पलंगावर गेली. कुसुमताई थेरगावला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. पलंगावर त्यांची गोधडी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. 'आठवडाभर तर त्या येत नाहीत,' असं मनाशी म्हणत विजयश्रींनी ती पिशवीत कोंबली.

प्रयोगशाळेत पिल्लाने गोधडीत नाक खुपसलं, चारी हातापायांनी तिला मिठी मारली आणि बाटलीभर दूध पिऊन झोपून गेलं.

कुसुमताईंचं मात्र गवारीच्या भाजीवरून बहिणीशी बिनसलं आणि त्या दुसऱ्याच दिवशी घरी परतल्या. प्रयोगशाळेत फोन वाजला.

"विजू, माझी गोधडी कुठं हाय?"

"आई, ती मी ऑफिसला आणलीय."

"हापिसात झोपतीस व्हय तू?"

"मी नाही. एक पिल्लू झोपतं."

"कुनाचं?"

"माकडाचं."

पलीकडून कुसुमताईंनी मुलाला मारलेली हाक ऐकू आली. "ज्ञानेश, गाडी काढ!"

ज्ञानेशची सेकंड शिफ्ट होती. चाकणला कंपनीत जाता जाता त्याने आईला प्रयोगशाळेच्या फाटकाशी उतरवलं आणि बायको बाहेर यायच्या आत सटकला.

कुसुमताईंनी टोपी घातली, मास्क लावला, हातमोजे चढवले आणि आत जाऊन गोधडीचं टोक धरून ओढलं. गोधडीबरोबर पिल्लूही आलं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, नाक फेंदारलं आणि गोधडी सोडून थेट त्यांच्या गळ्यात उडी घेतली.

"काढ गं ह्याला! आधी काढ!"

काढलं, तर त्याने असा टाहो फोडला की शेजारच्या कारखान्यातले कामगार शिफ्ट सुटल्याचा भोंगा समजून डबे घेऊन बाहेर आले. परत गळ्यात ठेवलं, तर एकदम गप्प.

"वासामुळे होतंय, आई," विजयश्री चाचरत म्हणाल्या. "गोधडीला तुमच्या बामाचा वास आहे ना. त्याला वाटतंय, तुम्हीच त्याची आई."

"माकडीन म्हंतीस व्हय मला?"

"तसं नाही हो. दूध पिईपर्यंत तेवढं बसाल का?"

कुसुमताई तणतणत बसल्या. पिल्लू प्यायलं आणि झोपलं. बऱ्याच वेळाने बुद्धभूषणने विचारलं, "आज्जी, घेऊ का आता?"

"हळू बोल की! आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."

दुसऱ्या दिवसापासून कुसुमताई डबा घेऊन रोज येऊ लागल्या. कागदोपत्री पिल्लू 'के-सात' होतं, त्यांनी त्याचा गुंड्या केला. धिटाईच्या चाचणीत खुळखुळा लांब ठेवून पिल्लू तो आणायला जातं का, हे बघायचं असे. कुसुमताई पायाने खुळखुळा त्याच्यापुढे सरकवत.

"आई, सगळ्या नोंदी चुकतात अशानं."

"चुकू देत. लेकराला किती चालिवता?"

घरी विजयश्री सासूबाईंशी निदान अर्धा शब्द बोलू शकत. इथे तेवढाही बोलता येईना. सासूबाई रुसून घरी बसल्या असत्या, तर पिल्लू पुन्हा उपाशी राहिलं असतं.

अशातच प्रकल्पाची पाहणी करायला प्राध्यापक दौलतराव आले. प्रकल्प बंद करण्यात त्यांचा हातखंडा होता. कुसुमताईंकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "या कोण?"

बुद्धभूषण घाईघाईने म्हणाला, "सर, ह्या... मातृपर्याय आहेत."

प्राध्यापक पिल्लाला हात लावायला वाकले.

"हात धुतलं का?" मातृपर्यायाने विचारलं.

दौलतराव जाऊन हात धुऊन आले.

"आन् नखं?"

दौलतरावांनी हात पाठीमागे घेतले. पुढच्या आठवड्यात त्यांचा अहवाल आला. प्रकल्प चालू ठेवावा, मातृपर्याय उत्कृष्ट असून असे आणखी दोन नेमावेत. आणखी दोन सासूबाईंच्या कल्पनेने विजयश्रींना घाम फुटला.

यथावकाश गुंड्या धीट झाला आणि त्याला प्रयोगशाळेतल्या कळपात सोडायचं ठरलं. ज्ञानेशची सुट्टी होती, तोही आला. मोठ्या पिंजऱ्याच्या दारात कुसुमताई गुंड्याला खांद्यावर घेऊन उभ्या राहिल्या. पदर डोळ्यांपाशी तयारच होता.

"माझ्याबिगर ऱ्हायाचं न्हाई हे. बघा तुमी."

आतल्या एका माकडिणीने ओठ चटचट वाजवले. गुंड्याने कान टवकारले, टुणकन उडी मारली आणि तो तिच्या पोटाला जाऊन चिकटला.

"गुंड्या! ए गुंड्या!"

गुंड्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. कुसुमताई जाळीला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. विजयश्रींनी सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, वाईट वाटून घेऊ नका. वाढ नीट झाली की पिल्लू असंच करतं."

कुसुमताईंनी मान वळवून ज्ञानेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हाईत हाय मला. लगीन झाल्याव ह्यानं बी असंच केलं."

बुद्धभूषणने सवयीने नोंद करायला पेन उघडलं. विजयश्रींनी ते हळूच त्याच्या हातातून काढून घेतलं.