सर्वांना सहज येता येईल अशी नोंद

माणूस कार्यक्रमाला येईल की नाही, हे दैवाधीन असतं. पण तो कुठे, केव्हा आणि कशाला आला नाही, हे मात्र लेखी असावं लागतं. याच तत्त्वावर केर्मे-सू गावचं विद्यापीठ एकतीस वर्षं ताठ उभं आहे, आणि त्याची कार्यक्रमांची दिनदर्शिका बुरुलकान सांभाळते. लहानथोर सगळे तिला एजे, म्हणजे ताई म्हणतात. (कुलगुरूही म्हणतात, फक्त काम असलं की.)

त्या वसंतात राजधानीहून परिपत्रक आलं : यापुढे प्रत्येक नोंद स्पष्ट आणि सुगम असावी. काय, केव्हा, कुठे, कुणासाठी, चाकाच्या खुर्चीतून येता येईल का, आणि अडलं तर फोन कुणाला. परिपत्रक अकरा पानी होतं. त्यात काय म्हटलंय ते कुणालाच उमगलं नाही, पण ते पाळायचं आहे एवढं स्पष्ट होतं.

पहिलीच नोंद निघाली शेरशेन आगायच्या व्याख्यानाची. आगाय म्हणजे गुरुजी. चाळीस वर्षं गावच्या शाळेत भूगोल शिकवला, सुट्टीत खोरं पायी तुडवलं आणि तीनशे बारा झरे तोंडपाठ केले. त्यातले अकरा कसल्याही दुष्काळात आटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते अकरा कोणते, हे त्यांनी कधी लिहिलं नाही. “लिहिलं की कपाटात जातं,” ते म्हणत. आता गुडघे गेले होते, खुर्चीला चाकं आली होती, आणि गेल्या महिन्यात अकरांतल्या एकाचं नाव त्यांना दोन दिवस आठवलं नव्हतं. म्हणून घाई होती. बुरुलकान त्यांची विद्यार्थिनी. तिलाही घाई होती.

तिनं नोंद लिहिली : ‘न आटणारे अकरा झरे. वेळ तीन, खरोखरचे तीन. सभागृह, तिसरा मजला. लिफ्ट बंद असते. चाकाच्या खुर्चीतून येता येणार नाही, तरी जागा बदलावी. फोन : बुरुलकान.’

उपकुलगुरू मामबेत सादिरोविच यांनी ती वाचून चष्मा काढला. (चष्मा काढला की त्यांना दिसत नाही, त्यामुळे निर्णय लवकर होतात.)

“बुरुल, हे काय? विद्यापीठाची लक्तरं वेशीवर टांगतेस?”

“सादिरोविच, स्पष्ट लिहा म्हणालात.”

“स्पष्ट म्हणजे चांगलं दिसेल असं! आणि तीन कशाला? तीन लिहिलेस तर लोक पाचला येतील. लग्नाच्या पत्रिकेवर आपण काय लिहितो? खरी वेळ? एक लिही, तीनला येतील.”

“आणि आगाय छापलेल्या वेळेवर आले तर?”

“या गावात? कोण येतं?”

नोंद सुधारली गेली : ‘वेळ एक. सर्वांना सहज येता येईल.’ झऱ्यांची ओळ लांब होत होती, म्हणून ‘निसर्गविषयक’ एवढं ठेवलं. फोन क्रमांक काढला, कारण फोन दिला की लोक करतात. लिफ्ट होती, पण तिची किल्ली तपासणी पथकासाठी राखून ठेवलेली. पथक दर चार वर्षांनी येतं, किल्ली पाहतं आणि समाधानानं जातं.

आगाय एकला पाच कमी असताना आले. छापलेल्यावर विश्वास ठेवणारा केर्मे-सूत तो एकच माणूस. अठ्ठेचाळीस पायऱ्यांच्या तळाशी त्यांनी खुर्ची थांबवली, आणि बुरुलकान मान खाली घालून शेजारी उभी राहिली.

“आगाय, चार पोरं बोलावते. उचलून नेतील.”

“पोतं आहे का मी? नोंदीत लिहिलंय, सर्वांना सहज येता येईल. मी सर्वांत येतो. नोंद खरी होईस्तोवर बसतो इथंच. चहा आण.”

तीनला मंडळी आली. आमच्याकडे थोरांना सलाम केल्यावाचून कुणी पुढे जात नाही, त्यामुळे एकशे चौदा विद्यार्थ्यांनी एकशे चौदा वेळा वाकून “सलाम, आगाय!” म्हटलं आणि वर जाऊन हजेरीपटावर सह्या केल्या. कुणालाही उद्धट म्हणता येणार नाही.

“आगाय, वर नाही येत?” एकानं विचारलंही.

“तू नाही बसत खाली?” आगाय म्हणाले. पोरगा हसला. हजेरीपट वर होता.

वर कार्यक्रम यशस्वी झाला. वक्ते थोडे खाली असल्यामुळे सादिरोविच यांनी ‘सुगमता’ या विषयावर पन्नास मिनिटं भाषण केलं. उपस्थिती एकशे चौदा, टाळ्या चार वेळा, तक्रारी शून्य. राजधानीनं ती नोंद आदर्श ठरवून बावीस विद्यापीठांना नमुना म्हणून पाठवली.

खाली झऱ्यांबद्दल बोलणं झालं. श्रोते दोन : बुरुलकान आणि झाडू घेऊन बसलेली काल्बू. आगाय दहा नावं सांगून अडखळले, तेव्हा अकरावं काल्बूनं सांगितलं. तिचं माहेर त्या झऱ्याकाठचं. बुरुलकाननं सगळी पाठ केली, लिहिली नाहीत.

आता तुम्ही विचाराल, ती अकरा नावं कोणती? रास्त प्रश्न आहे. पण तुम्ही इतका वेळ सादिरोविचचा चष्मा, लिफ्टची किल्ली आणि हजेरीपट यांत छान रमला होतात. मीही तुम्हाला हाक मारली नाही. वरच्या मजल्यावरून खालचं ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे.