रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी योग्य नळ्या

श्रीमती बर्निस ओल्शेव्स्की यांच्या गाडीच्या इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या धुराड्याला तडा गेल्याची बाब एप्रिल महिन्यात आमच्या क्लबच्या निदर्शनास आणून देण्यात आली. आणून देणारा त्यांचा मुलगा ड्वेन. तो क्लबचा सभासद, मी क्लबचा चिटणीस, आणि क्लब जुन्या, दांडग्या इंजिनाच्या मसल कारचा. डेट्रॉईटच्या उत्तरेला असा क्लब नसलेली वस्ती शोधून सापडायची नाही.

गाडी सन सत्तरची, दोन दारांची, आठ सिलिंडरची, जांभळी. बर्निसनं ती तरुणपणी नवऱ्याच्या नाकावर टिच्चून घेतली आणि शाळेच्या खानावळीतली नोकरी संपेपर्यंत रोज चालवली. कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं तर निम्मे वाचक इथेच वाचणं सोडतील आणि उरलेले मला शहाणपण शिकवायला येतील.

तिचं म्हणणं साधं होतं. "ड्वेन, ते फटफट वाजतंय तेवढं नीट करून दे. ऑगस्टमध्ये मला ती वुडवर्डवरून एकदा न्यायचीय. ऑक्टोबरात परवान्यासाठी डोळे तपासतील, आणि हे डोळे काही पास व्हायचे नाहीत."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमच्याकडच्या सगळ्या जुन्या गाड्या वुडवर्ड रस्त्यावर उतरतात. बर्निसला आपली गाडी आपल्या हातानं चालवत कोनीच्या दुकानापर्यंत जायचं होतं. तिथं चिली, म्हणजे खिम्याचा तिखट रस्सा, घातलेलं हॉट डॉग खायचं आणि घरी परतायचं. एवढंच.

"जुन्यासारखंच लोखंडी धुराडं बाजारात मिळतं," ड्वेन आम्हाला म्हणाला. "पण उघडलंच आहे तर हेडर का बसवू नयेत?"

"उघडलंच आहे तर" हे तीन शब्द आमच्याकडे फार मोठ्या अधिकाराचे आहेत. त्यांच्यापुढे बायको, डॉक्टर आणि बँक यांचं काही चालत नाही. हेडर म्हणजे ओतीव धुराड्याच्या जागी बसणाऱ्या वळणदार नळ्या, प्रत्येक सिलिंडरला एक. त्या लांब असतात किंवा आखूड असतात, आणि या फरकावरून आमच्या क्लबमधली दोन घरं एकमेकांकडे नाताळला जात नाहीत. विषय अर्थातच सभेपुढे ठेवण्यात आला.

सभा चर्चच्या तळघरात भरली. "लांब," अध्यक्ष मर्ल हॅकेट म्हणाला. "लांब नळ्यांशिवाय इंजिनाला मोकळा श्वास घेता येत नाही."

"अरे बाबा, लांब नळ्या पोटाखाली लोंबतात," खजिनदार ऑर्विल म्हणाला. "बर्निसच्या गल्लीतल्या गतिरोधकाला घासतील ना!"

"मग गतिरोधक काढा."

"तो काय तुझ्या सासऱ्याचा आहे? नगरपालिकेचा आहे."

"बरं, आखूड घातल्या तर ताकद किती वाढेल?"

"फारशी नाही."

"मग घालायच्या कशाला?"

"घासत नाहीत म्हणून."

"घासत तर जुनं धुराडंही नाही!"

चर्चा धोक्याच्या वळणावर आली होती. आणखी एक वाक्य कुणी बोललं असतं तर जुनंच धुराडं बसवावं असा निष्कर्ष निघाला असता. मी चिटणीस या नात्यानं डोनटसाठी मध्यंतर जाहीर केलं.

मध्यंतरानंतर असं ठरलं, की नळ्या निवडण्याआधी गाडीचा वापर निश्चित करावा. ड्वेन म्हणाला, "रस्त्यावर चालवायचीय." यावर मर्लनं रास्त प्रश्न केला, की रस्त्यावर म्हणजे नेमकं काय. 'रस्ता' या शब्दाची व्याख्या करण्यासाठी तिघांची पोटसमिती नेमली गेली. गेल्या काही वर्षांत ज्यांच्या गाड्या गॅरेजबाहेर निघालेल्या नाहीत अशाच सभासदांना तिच्यावर घेतलं, कारण निर्णय निःपक्षपाती व्हायला हवा होता. पोटसमितीनं लांब नळ्यांची शिफारस केली. वर चंदेरी मुलामा. ठराव एकमतानं मंजूर झाला. ऑर्विल तेव्हा कॉफी आणायला गेला होता.

नळ्या आल्या. इतक्या देखण्या होत्या, की मर्लनं टोपी काढली. बसवायला गेलो तर स्टिअरिंगचा दांडा नेमका एका नळीच्या वाटेत येत होता. नळी वाकवणं हा नळीचा अपमान झाला असता, म्हणून स्टिअरिंग बदललं. मग दुसऱ्या नळीच्या आचेनं स्टार्टर भाजू लागला. तोही बदलला. मे महिना संपला तेव्हा मर्ल गाडीखालून बाहेर येत म्हणाला, "एवढ्या भारी नळ्या, आणि आत झडपा हलवणारा कॅमशाफ्ट म्हातारा? सुटाखाली सपाता घातल्यासारखं वाटतंय. ड्वेन, उघडलंच आहे तर..."

ड्वेननं मान डोलावली. त्याचा नाइलाज होता, कारण खरोखरच उघडलेलं होतं.

नव्या कॅमशाफ्टनं इंजिन असं उधळलं, की हळू चालायचंच विसरलं. ब्रेकला इंजिनाच्या हवा ओढण्याची मदत लागते, ती मिळेनाशी झाली. गर्दीतल्यासारखं सावकाश चालवलं तर पाणी उकळायचं.

"म्हणजे ही आता सावकाश चालवता येणार नाही," ऑर्विल म्हणाला.

"सावकाश चालवायला मसल कार कोण घेतं?" मर्ल म्हणाला.

"मग जोरात चालवू."

"जोरात कशी चालवणार? ब्रेक लागत नाहीत."

वुडवर्डवर त्या शनिवारी गाड्या माणसाच्या चालीनं सरकतात हे सर्वांना ठाऊक होतं, पण ते विषयपत्रिकेवर नव्हतं.

जुलैमध्ये बर्निस पिरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्यांचं भांडं घेऊन गॅरेजात आली. आम्ही तिला टॉर्चच्या उजेडात नळ्या दाखवल्या.

"छान आहेत रे पोरांनो. माझा चेहरा दिसतोय त्यात," ती म्हणाली आणि गाडीत स्टिअरिंगमागे जाऊन बसली. "चालू करू?"

"मॉम, थांब!" ड्वेन ओरडला. आम्ही सगळेच पुढे धावलो.

"का? बिघडलीय का अजून?"

"बिघडलेली नाही, मॉम. पूर्वीपेक्षा खूप चांगली झालीय."

"मग?"

"बर्निस, इंजिन तापलं की मुलाम्याची झळाळी उतरते," मर्लनं तिला आदरानं समजावलं. "म्हणून तूर्तास ते तापू द्यायचं नाही, असं आमचं धोरण आहे."

ती थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. "लाइल," ती मला म्हणाली, "तू तरी शिकलेला दिसतोस. ही गाडी ऑगस्टला वुडवर्डवर जाणार का?"

"जाणार," मी म्हणालो. चिटणीस खोटं बोलत नाही.

आणि गाडी गेली. मर्लच्या पिकअप ट्रकमागच्या ट्रेलरवर चढवून, पट्ट्यांनी आवळून, खालून नळ्या दिसाव्यात म्हणून आरसे लावून गेली. तिथल्या स्पर्धेच्या 'रस्त्यावर चालणारी गाडी' या गटात ती बसते का, असा आक्षेप एका विघ्नसंतोषी सभासदानं घेतला. पोटसमितीची व्याख्या तयारच होती: ट्रेलर रस्त्यावर चालतो, गाडी ट्रेलरवर आहे, सबब गाडी रस्त्यावर चालते.

बर्निसनं आपल्या गाडीत बसायची परवानगी मागितली. चालत्या ट्रेलरवर माणूस बसवणं कायद्यात बसत नाही. "मग निदान ट्रक तरी मी चालवते," ती म्हणाली. "ट्रकची सवय लागते, बर्निस," मर्ल म्हणाला आणि त्यानं तिला मागच्या सीटवर, डोनटच्या खोक्याशेजारी बसवलं. दोन्ही बाजूंची माणसं खुर्च्यांतून उठून हात हलवत होती. पण बर्निसला नव्हे, मागच्या ट्रेलरवरच्या गाडीला. बर्निसनं काच खाली करून एकदा हात बाहेर काढला, मग आत घेतला. मला फार वाईट वाटलं. त्यासाठी आमच्या नियमांत तरतूद नाही.

कोनीच्या दुकानाशी ट्रेलर वळेना, म्हणून आम्ही सरळ पुढे गेलो. संध्याकाळी गाडीला तिच्या गटातलं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विशेष उल्लेख केला, की रोज रस्त्यावर चालणारी गाडी इतकी स्वच्छ ठेवणं सोपं नसतं.

ऑक्टोबरात बर्निसचा परवाना गेला. ड्वेन तिला म्हणाला, "मॉम, पुढच्या वर्षी सगळं ठीकठाक होईल बघ." ती म्हणाली, "होईल रे. गाडीला काय घाई आहे?"

क्लबची सभासदसंख्या यंदा वाढवायची आहे. सभासद होण्यासाठी गाडी असावीच लागते असं नाही. घरातल्या काचेच्या कपाटात न वापरलेल्या कपबशा, प्लास्टिक न काढलेला सोफा किंवा चांगल्या प्रसंगासाठी राखलेली एखादी साडी असेल तरी चालेल. वर्गणी नाही. मुलाखतीत एकच प्रश्न विचारला जातो: ही वस्तू कुणासाठी आणली होती? त्या व्यक्तीला मात्र मुलाखतीला सोबत आणू नये. सभासदांना अवघडल्यासारखं होतं.