नाल्यापलीकडची मांजर

"थांबवा! अरे, दोन खंड जोडताय तुम्ही! उत्क्रांतीचा खून होतोय!"

हा आवाज पार वरसाव्याच्या पुलापर्यंत गेला असणार. नवघरमधल्या आमच्या बिल्डिंगमागच्या नाल्यावर लोखंडी साकव टाकायला कामगार आले होते आणि त्यांच्या वाटेत बनियनवर आडवे पडले होते आमचे शेजारी पाटीलकाका, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

"चाचा, उठो ना, दब जाओगे."

"दबूंगा!"

काकांचं एकच पालुपद: "नदी आडवी आली की जात बदलते." ॲमेझॉनच्या जंगलात म्हणे या काठाचं माकड त्या काठाला जातच नाही. पिढ्यान्‌पिढ्या अशा गेल्या की दोन्हीकडची माकडं वेगळीच होऊन बसतात. "फक्त वर, उगमाकडे नदी अरुंद असते. तिथे ओलांडतात," हे मात्र ते पुटपुटत सांगायचे.

हा नियम त्यांनी आमच्या नाल्यालाही लावला. पलीकडचा दूधवाला बंद. पलीकडचे डास जास्त विषारी, हे त्यांनी दोन्ही दंड चावून घेऊन सिद्ध केलं. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ बाळ्या राहायचा. वडिलांचं मिठागर विकलं तेव्हा दोघांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. काकांच्या हिशेबी बाळ्याचीही जात बदललेली.

काकांमुळे त्या दिवशी काम थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समजूत घालायला मागच्या बाजूने गेलो आणि जागीच थिजलो. काका उकिडवे बसून एका कानफाटक्या मांजरीला सुके बोंबील भरवत होते. मांजर बाळ्याची! नाल्यावरून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपवरून आलेली.

"बाळ्याचा खोकला गेला का गं?" काका तिला विचारत होते.

मला पाहून ते दचकले. मग खाली बघत म्हणाले, "नाला आहे तोवर म्हणता येतं, मधे नाला आहे. साकव झाल्यावर काय म्हणू? आणि तरीही तो नाही आला तर?"

त्यानंतर ते आडवे पडले नाहीत. साकव झाला. संध्याकाळी सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. पलीकडून बाळ्या निघाला, काखेत मांजर, तोंडात खोकला.

"दादा, ही घरी काय खात न्हाय. तुझ्याकडंच ठेव."

काकांनी मांजर घेतली. मग भावाचं मनगट धरलं आणि त्याला आत नेलं. दोन तासांनी बोंबलाच्या कालवणाचा वास जिन्यात भरला.

सकाळी मी छेडलं, "काका, काय झालं तुमच्या नियमाचं?"

"नदी इथं अरुंदच होती," काका म्हणाले.